शस्त्रक्रियागृहाची नोंद आणि शल्यचिकित्सकाचे श्रेय

रुग्णालयात एखादी शस्त्रक्रिया होते तेव्हा तिची नोंद एकाहून अधिक ठिकाणी केली जाते. रुग्ण कोणत्या डॉक्टरांच्या नावाखाली दाखल झाला, हे दाखल-नोंदीत असते. प्रत्यक्ष शस्त्र कोणाच्या हाती होते, हे शस्त्रक्रियागृहाच्या नोंदीत असते. ही दोन नावे एकच असतात असे नाही. म्हणूनच एखाद्या शल्यचिकित्सकाने वर्षभरात किती शस्त्रक्रिया केल्या व त्यांचे फलित काय, हे ठरविताना कोणती नोंद प्रमाण मानावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रश्नाची पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेच्या अंतिम फलिताचा हिशेब ठेवावा, असा आग्रह अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धरला. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून वर्षभरानंतर त्याची प्रकृती पुन्हा तपासावी, ही त्यांची पद्धत समव्यावसायिकांना त्या काळी रुचली नाही. पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९८४ ते १९९५ या काळात झालेल्या बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. माहिती उपलब्ध असूनही तिचा योग्य उपयोग झाला नाही, हा त्यातील एक मोठा धडा होता. त्यानंतर शल्यचिकित्सकनिहाय फलित जनतेपुढे ठेवण्याकडे तेथील कल वाढला.

तफावत कोठे पडते

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णाच्या उपचारकालाचे भाग पाडले जातात व प्रत्येक भाग एका जबाबदार वरिष्ठ डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकाशी जोडला जातो. प्रशासनाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे. परंतु रुग्ण एकाच्या नावे दाखल होतो आणि प्रतीक्षायादी सामाईक असल्याने शस्त्रक्रिया दुसराच करतो. रात्री तातडीने आलेला रुग्ण त्या रात्रीच्या डॉक्टरांच्या नावे राहतो व सकाळी अन्य डॉक्टर त्याच्यावर शस्त्रक्रिया करतात. कधी दोन वरिष्ठ मिळून काम करतात, तर कधी प्रशिक्षणार्थी वरिष्ठाच्या देखरेखीखाली शस्त्र चालवितो. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतही रुग्ण पथकप्रमुखाच्या नावे दाखल करण्याची पद्धत असल्याने हा प्रश्न अपरिचित नाही.

उदाहरणादाखल, दाखल-नोंदीप्रमाणे एका शल्यचिकित्सकाच्या नावे १०० व दुसऱ्याच्या नावे ६० शस्त्रक्रिया आहेत असे समजू. पहिल्याच्या १०० पैकी ३० प्रत्यक्षात दुसऱ्याने केल्या आणि दुसऱ्याच्या ६० पैकी १० पहिल्याने केल्या, तर दोघांचेही खरे काम प्रत्येकी ८० इतके भरते. पहिल्याच्या नावावरील ४ गुंतागुंतींपैकी ३ त्या ३० शस्त्रक्रियांतील असल्या, तर त्या तिघांचा दोषही त्याच्या माथी अकारण बसतो. श्रेय जसे चुकीच्या हाती जाते, तसाच दोषही जातो.

नोंदींची जोडणी

यावर उपाय म्हणजे दोन्ही नोंदी रुग्णक्रमांक, दिनांक व शस्त्रक्रियेचा सांकेतिक क्रमांक यांच्या आधारे जोडणे. शस्त्रक्रियागृहात परिचारिका मुख्य शल्यचिकित्सक, सहायक व भूलतज्ज्ञ यांची नावे, भूल देण्याची वेळ, छेद घेण्याची वेळ आणि समाप्तीची वेळ त्याच क्षणी लिहितात. मागाहून स्मरणाने भरलेल्या माहितीपेक्षा ही नोंद अधिक विश्वासार्ह असते. मात्र तीही निर्दोष नसते. नावाऐवजी आद्याक्षरे लिहिणे, आयत्या वेळी झालेला बदल न नोंदणे, देखरेख करणाऱ्याचे नाव गाळणे, असे दोष राहतात. म्हणून नावापेक्षा नोंदणी क्रमांक लिहावा, शस्त्रक्रिया करणारा व देखरेख करणारा यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि तयार झालेली यादी संबंधित शल्यचिकित्सकाला पडताळणीसाठी दाखवावी.

आकड्यांचा अर्थ

जोडणी अचूक झाली तरी केवळ आकड्यांवरून गुणदोष ठरविणे योग्य नव्हे. जो अवघड व वयोवृद्ध रुग्ण स्वीकारतो, त्याच्या वाट्याला गुंतागुंत अधिक येणे स्वाभाविक आहे. थोड्या शस्त्रक्रियांत एकदोन घटनांनीही टक्केवारी मोठ्या प्रमाणात बदलते. शिवाय शस्त्रक्रियेचे यश एकट्या हाताचे नसते. भूल, शुश्रूषा व शस्त्रक्रियेनंतरची देखभाल यांचाही त्यात वाटा असतो. तेव्हा रुग्णाच्या समग्र उपचाराचे दायित्व ज्याच्याकडे आहे त्याची नोंद कायम ठेवून, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची नोंद तिच्या जोडीला ठेवणे इष्ट होय.

अशी व्यवस्था असल्यास प्रामाणिक शल्यचिकित्सकाला न्याय मिळतो, प्रशिक्षणार्थ्याच्या अनुभवाचे यथार्थ मापन होते आणि कोठे साहाय्य वा सुधारणा हवी, हे वेळीच कळते. या सर्वांचा अंतिम लाभ रुग्णालाच होतो. शस्त्रक्रियागृहातील नोंदवहीचा एक रकाना भरावयास क्षणभरच लागतो. परंतु तो रिकामा राहिल्यास पुढील सारा हिशेब चुकतो, हे संबंधित प्रत्येकाने ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.