कशाची भरपाई आणि कशाची नाही?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर, हाजी अलीजवळ, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कुर्ला, गोवंडी, मानखुर्दकडची माणसे कृत्रिम पाय बसवून घ्यायला किंवा तपासणीला तिथे जातात. गंमत अशी की 'हँडिकॅप' हा शब्द या दोन्ही शेजाऱ्यांकडे चालत आला, आणि दोन्हीकडे अगदी वेगळ्या अर्थाने. संस्थेत येणाऱ्यांना कित्येक वर्षे 'हँडिकॅप' म्हटले गेले. सरकारी कागदावर 'दिव्यांग' आले तरी लोकलमधल्या त्या डब्याला प्रवासी अजून 'हँडिकॅपचा डबा'च म्हणतात. रेसकोर्सवर मात्र हँडिकॅप असतो तो चांगल्या घोड्याला! जो घोडा जास्त जिंकतो, त्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, म्हणजे बाकीच्यांनाही संधी राहते.

हा शब्द मुळात हातात टोपी घेऊन भीक मागणाऱ्यांवरून आला, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांच्या वस्तूंच्या किमतीत जो फरक असेल, तो तिऱ्हाईत पंच ठरवायचा आणि खेळणारे टोपीत हात घालून तो मान्य की अमान्य ते दाखवायचे. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ 'उणीव' नाही. दोन असमान गोष्टींमधला फरक त्रयस्थाने मोजून भरून काढणे, हा तो अर्थ. खेळातल्या न्यायाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात येतो. फरक मोजायचा कसा, आणि कोणता फरक भरून काढायचा?

होड्यांचा हिशेब

हा प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो तो शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत, विशेषतः लहान कॅटामरानच्या. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडून केलेली शिडाची होडी. शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून गेलेला, अर्थ 'बांधलेली लाकडे'. आपल्या कोकणातली उलांडीची होडी हे तिचेच दूरचे नातलग. पाण्यावर दोन ठिकाणी टेकल्याने ती कमी कलते आणि अंग अरुंद असल्याने वेगाने धावते.

सगळ्यांकडे एकाच मापाची होडी असेल तर प्रश्नच नाही. जो आधी पोहोचला तो जिंकला. पण एखाद्या क्लबात सहा होड्या आणि त्या पाच प्रकारच्या असतील तर? मग प्रत्येक प्रकाराला एक आकडा देतात, त्याला रेटिंग म्हणतात. समजा, वेगवान होडीचे रेटिंग १.०० आहे आणि संथ होडीचे १.२०. वेगवान होडी ६० मिनिटांत आली, संथ होडी ७० मिनिटांत. लागलेल्या वेळेला रेटिंगने भागायचे. पहिलीचा हिशेब ६० मिनिटेच राहतो, दुसरीचा ७० भागिले १.२०, म्हणजे ५८ मिनिटे २० सेकंद. दहा मिनिटे उशिरा आलेली होडी जिंकली.

हा आकडा काढण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत मोजपट्टीची. होडीची लांबी, वजन, शिडांचे क्षेत्रफळ मोजायचे आणि सूत्रात घालायचे. लहान कॅटामरानसाठीची आंतरराष्ट्रीय पद्धत अशी आहे. दुसरी रीत अनुभवाची. ब्रिटनमधल्या 'पोर्ट्समथ यार्डस्टिक' पद्धतीत क्लब आपापल्या शर्यतींचे निकाल पाठवतात आणि त्यावरून प्रत्येक प्रकारच्या होडीचा आकडा ठरतो. दोन्ही रीतींत तत्त्व एकच आहे. आकडा होडीला मिळतो, ती चालवणाऱ्याला नाही. खलाशाने वारा ओळखला, वळण अचूक घेतले, रोज सराव केला, तर त्याचे श्रेय पूर्णपणे त्याच्याच पदरात पडते. रेसकोर्सवरचा हिशेब याच्या उलट असतो. तिथे घोडा जिंकला की वजन वाढते, म्हणजे कामगिरीलाच ओझे लागते. पैज रंगतदार व्हावी म्हणून ते ठीक. खेळाडूला ते लावले तर सराव करणारा मूर्ख ठरेल.

अर्थात होड्यांचा आकडाही परिपूर्ण नसतो. मंद वाऱ्यात एक होडी सरस ठरते, जोराच्या वाऱ्यात दुसरी. आकडा मात्र एकच. आणि लहान होडीवर माणसाचे शरीर हाच मोठा भाग असतो. होडी कलू नये म्हणून खलाशी बाहेर झुकतात, तेव्हा त्यांचे वजन यंत्राचे काम करते. जोराच्या वाऱ्यात जड खलाशांचा फायदा, मंद वाऱ्यात हलक्यांचा. म्हणून होबी-१६ या कॅटामरानच्या नियमांत दोघा खलाशांचे मिळून किमान वजन सुमारे १२९ किलो ठरलेले आहे. कमी पडले तर होडीवर वजन ठेवावे लागते. पूर्वी लहान होड्यांवरचे काही खलाशी पाण्याने भिजवलेले जाड कपडे चढवून वजन वाढवत. त्याचा सगळा भार कमरेवर आणि पाठीच्या मणक्यांवर येई. आता अंगावरचे कपडे व साधने साधारण ८ किलोंपेक्षा जड नसावीत असा नियम आहे. न्यायाचा नियम आरोग्य बिघडवणारा असू नये, हे खेळाला असे शिकावे लागले.

शरीराचा आकडा

हाच हिशेब माणसाच्या शरीराला लावायचा झाला तर काय होते? तोच पॅरा-खेळांचा इतिहास आहे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडविल रुग्णालयात व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. सगळे मज्जारज्जूच्या इजेचे रुग्ण. सुरुवातीच्या काळात गट पाडले जात ते वैद्यकीय निदानावर, म्हणजे मज्जारज्जूला इजा कुठल्या मणक्यापाशी झाली त्यावर.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर याच काळातले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक.

निदानावर गट पाडण्याची अडचण पुढे लक्षात आली. एकाचा पाय पोलिओने दुबळा, दुसऱ्याचा अपघाताने; कारणे वेगळी, पण पाण्यात किंवा धावपट्टीवर दोघांची अडचण सारखीच असू शकते. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून 'आजार कोणता' याऐवजी 'या खेळासाठी आवश्यक हालचालीत किती अडथळा येतो' हे पाहिले जाऊ लागले. आता तपासणी साधारण तीन टप्प्यांत होते. पात्र ठरणाऱ्या प्रकारांतली, कायम स्वरूपाची उणीव आहे का. ती त्या खेळाच्या किमान निकषाएवढी आहे का. आणि असेल तर गट कोणता. स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत तपासतात, सांधा किती वळतो ते कोनमापकाने मोजतात, खेळातल्या हालचाली करून घेतात आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेतही खेळाडूवर नजर ठेवतात. गट त्या खेळापुरताच असतो. एकाच व्यक्तीला पोहण्यात एक गट मिळेल, गोळाफेकीत दुसरा, आणि तिसऱ्या खेळात ती अपात्रही ठरेल.

सांघिक खेळात तर सरळ बेरीज असते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण, मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४च्या वर जाता कामा नये. पॅरालिम्पिकमध्ये २००० ते २०१६ पर्यंत शिडाच्या होड्यांच्या शर्यती होत्या, तेव्हा तिघांच्या सोनार होडीवरही खलाशांच्या गुणांची कमाल बेरीज १४च होती. जास्त अडचण असलेल्याला कमी गुण, त्यामुळे त्याला संघात घेणे हा उपकार न राहता संघाची गरज बनते.

होड्यांसारखी वेळेची भरपाईही काही ठिकाणी आहे. दृष्टिबाधितांच्या ट्रायथलॉनमध्ये पूर्ण अंध स्पर्धकांना आधी सोडतात, अंशतः दिसणारे काही मिनिटांनी निघतात, आणि मग जो आधी पोहोचेल तो विजेता.

सहा सेंटीमीटर

आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. हा गट हाताची उणीव असलेल्यांचा. खिलारी यांच्या हाताला शाळकरी वयात सायकलच्या अपघातात इजा झाली होती. सुवर्णपदक कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांना मिळाले, १६.३८ मीटरला. फरक सहा सेंटीमीटरचा. स्टुअर्ट यांना जन्मतः डावा हात कोपराखाली नाही, आणि त्यांची उंची ७ फूट २ इंच आहे.

हे अन्यायाचे वाटेल. पण वर्गीकरण हाताची उणीव मोजते, उंची मोजत नाही. ऑलिंपिकमध्येही उंच गोळाफेकपटूला उंचीबद्दल कोणी दंड करत नाही. उंची, उमेद, प्रशिक्षक, आहार या गोष्टी खेळाच्या हवाली सोडलेल्या आहेत. सगळ्याच फरकांची भरपाई केली तर सगळे एकाच वेळी पोहोचतील आणि शर्यतच उरणार नाही. कशाची भरपाई करायची नाही, हे ठरवणेही न्यायाचाच भाग आहे.

स्पर्धक कमी असले की गट एकत्र करावे लागतात, तिथे मात्र वाद रास्त असतो. पॅरिसच्या उंच उडीत कृत्रिम पाय लावून उडी मारणारे आणि तो न लावणारे एकाच स्पर्धेत होते. क्लबातल्या पाच प्रकारच्या होड्यांसारखाच हा पेच आहे. गट फार केले तर एकेकात दोनच स्पर्धक उरतात, कमी केले तर असमान माणसे समोरासमोर येतात.

आकड्यावरचा विश्वास

होडीची लांबी खोटे बोलत नाही. माणूस तपासणीत कमी जोर लावू शकतो. सिडनीत २००० साली बौद्धिक अक्षमतेच्या गटात बास्केटबॉल जिंकलेल्या स्पेनच्या १२ खेळाडूंपैकी १० जणांना तशी अक्षमताच नव्हती, हे नंतर उघड झाले. त्याची किंमत जगभरच्या निर्दोष खेळाडूंनी चुकवली. तो गटच पॅरालिम्पिकमधून बाद झाला आणि २०१२च्या लंडन स्पर्धेत परत आला.

पण गट बदलला की फसवणूकच झाली, असे मानणेही चूक आहे. काही आजार वाढत जातात, काहींत स्नायू थकव्याने किंवा थंडीने अधिक आखडतात, दोन परीक्षकांच्या हाताला एकच ताकद थोडी वेगळी लागू शकते. टोकियोत ऑगस्ट २०२१ मध्ये भारताच्या विनोद कुमार यांनी एफ-५२ गटात थाळीफेकीचे कांस्यपदक मिळवले, पण फेरतपासणीत ते त्या गटात बसत नसल्याचे ठरून पदक गेले. गट काही दिवसांपूर्वीच अधिकृतपणे मिळालेला, पदक दुसऱ्याच दिवशी रद्द. म्हणून तपासणी लवकर, शांतपणे आणि पुरेशा कागदपत्रांसह होणे हे खेळाडूच्याच हिताचे.

प्रमाणपत्र म्हणजे गट नव्हे

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मुलाच्या प्रमाणपत्रावर हा आकडा आला की पालकांना वाटते, आता पॅरा-खेळाचे दार उघडले. पण टक्केवारीचा हेतू वेगळा. शिक्षण, नोकरी, प्रवास यांत माणसाला किती आधार हवा, हे ती सांगते. त्या हिशेबाची रीतही वेगळी आहे. उदाहरणार्थ, दोन अवयवांच्या उणिवा ४० आणि ३० टक्के असतील तर बेरीज ७० होत नाही. ठरलेल्या सूत्राने ती सुमारे ५७ येते.

डोळ्यांचे उदाहरण घेऊ. चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांची नजर ६/३६ असेल तर प्रमाणपत्रावर ४० टक्के मिळतात. पण धावण्याच्या दृष्टिबाधित गटासाठी नजर साधारण ६/६० किंवा त्याहून कमी असावी लागते, नाहीतर दृष्टिक्षेत्र खूप अरुंद असावे लागते. म्हणजे सवलतीला पात्र, शर्यतीला अपात्र. उलटही घडते. एक पाय दुसऱ्यापेक्षा ७ सेंटीमीटर आखूड असेल तर धावण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात तो बसू शकतो. टक्केवारीत केवळ तेवढ्या फरकाला ४० मिळत नाहीत. यात कोणी डॉक्टर चुकलेला नसतो. दोन मोजपट्ट्या दोन वेगळ्या कामांसाठी आहेत.

पालकांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद, जुने एक्स-रे, मज्जातंतूंच्या तपासण्या जपून ठेवाव्यात. वर्षानुवर्षे पैसे आणि वेळ खर्च करण्याआधी राज्याच्या पॅरा-क्रीडा संघटनेकडे त्या खेळाचा किमान निकष विचारून घ्यावा. तपासणीच्या आधी अडचण जास्त दिसावी म्हणून स्नायू सैल करणारी किंवा झटक्यांची औषधे बंद करू नयेत. ती एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकते, आणि असे करणे नियमभंगही आहे. एका खेळात बसले नाही तर दुसऱ्या खेळाची तपासणी करून पाहावी. आणि कुठेच गट मिळाला नाही, तरी पोहणे सोडू नये. हृदयाला, फुप्फुसांना आणि मनाला होणारा फायदा कोणत्याही गटाशिवाय मिळतो.

बाकीच्यांसाठीही एक गोष्ट आहे. पदक घेऊन आलेल्या तरुणाला पाहून 'हा तर नीट चालतो, हा कसला दिव्यांग?' असे सहज म्हटले जाते. डब्यात चढणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला जातो. चालणे पाहून हाताची ताकद कळत नाही, चेहरा पाहून दृष्टिक्षेत्र मोजता येत नाही. ते मोजण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, आणि त्यांनी दिलेला आकडा फक्त सुरुवातीची रेषा आखतो. त्या रेषेपासून पुढचे अंतर ज्याचे त्यानेच कापलेले असते.