बुडालेल्या धानाने थांबावे की वाढावे?

ईआरएफ या जनुककुलाची मी करून दिलेली ओळख वाचून वैनगंगेकाठच्या एका वाचकाने विचारले आहे की, ताण सोसणारी जनुके सापडली आहेत, तर ती सगळी एकाच धानात का आणत नाहीत? या प्रश्नासाठी अख्खा लेख खर्ची घालायला हवा. माझे उत्तर असे की, कोणतेही जनुक मुळात ताण सोसणारे नसते. ते कोणत्या वेळी जागे होते आणि रोपाला काय करायला लावते, त्यावर ते उपकारक की घातक हे ठरते.

याचा सर्वांत चांगला पुरावा धानाच्या ईआरएफ कुलातच आहे. या कुलात शंभराहून अधिक जनुके आहेत. रोप पूर्ण बुडाले की त्यात तयार होणारा इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. बहुतेक वाणांत त्यामुळे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, रोप पाण्यावर येण्यासाठी भराभर उंच होते आणि साठवलेले पिष्ट संपवून बसते. पाणी ओसरल्यावर ते लुळे पडते. ओडिशाच्या एफआर१३ए या वाणातले सब१ए हे जनुकही इथिलीननेच जागे होते, पण ते वाढ रोखून धरते. पिष्ट शिल्लक राहते आणि पाणी उतरल्यावर रोप पुन्हा फुटते. २००६ मध्ये या जनुकाची ओळख पटली. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी खोल पाण्यातल्या धानातली स्नॉर्केल-१ आणि स्नॉर्केल-२ ही जनुके दाखवली. तीही ईआरएफ कुलातलीच, त्यांनाही इथिलीनच जागे करते, पण ती पेरी लांबवतात आणि रोप दिवसाला वीस सेंटिमीटरहून अधिक वाढू शकते. संकेत एक, कुल एक आणि आज्ञा मात्र अगदी उलट! थायलंड-बांगलादेशात महिनोन्महिने पाणी साचते तिथे वाढणेच शहाणपणाचे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या बांध्यांत पाणी शिरले, ते काही दिवसांत ओसरणारे होते. अशा पुरात वाढणारे रोप मरते आणि थांबणारे तगते. सब१ए आणि स्नॉर्केल एकत्र आणून दुप्पट फायदा होईल, ही अपेक्षा म्हणूनच फसवी आहे.

कोणी म्हणेल, परस्परविरोधी जनुके सोडा, निदान दुष्काळाची तरी कायम चालू ठेवा. हा प्रयोग झालेला आहे. ईआरएफ कुलातल्याच डीआरईबी१ए या जनुकाला ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात सतत चालू ठेवले, तेव्हा रोपे कोरड आणि थंडी सोसू लागली, पण पाणी भरपूर असतानाही खुजी राहिली. तेच जनुक ताण आल्यावरच चालू होईल असे जोडले, तेव्हा खुजेपणा बराच टळला. हा निष्कर्ष १९९९ मधला आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी उत्पन्न घटवणारे बियाणे शेतकऱ्याच्या काय कामाचे?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: चांगले वाण निवडायला जनुकांचे ज्ञान लागतेच कशाला? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी हे धान तयार केले. त्यांना कुठे जनुककुले ठाऊक होती? नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे काम तसूभरही कमी होत नाही. पण लोंबीचे आणि दाण्याचे वेगळेपण दर हंगामात डोळ्यांना दिसते; बुडूनही तगण्याचा गुण पूर आला तरच दिसतो. कोरड्या वर्षी तो ओळखायला जनुकाची खूण तपासावी लागते. स्वर्णा धानात सब१ए आणलेले स्वर्णा-सब१ अशाच खुणा पाहून, साध्या संकरातून तयार झाले आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. परके जनुक घालण्याचा त्यात प्रश्नच नव्हता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वैनगंगेच्या पुराचे पाणी चढते त्या बांध्यांसाठी इथल्या आवडीच्या बारीक धानात सब१ए आणावे. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी पोचत नाही त्या उंचवट्याच्या बांध्यांना मात्र वेगळा वाण हवा. कोवळ्या रोपांवरच्या प्रयोगांत सब१ए कोरडीनंतर सावरायलाही मदत करते, हे खरे. पण फुलोऱ्यात पडणाऱ्या पावसाच्या खंडाचे उत्तर त्यात नाही. पुराबाबतही त्याची मर्यादा पक्की आहे: लोंबी निसवण्याआधीचे रोप ते साधारण दोन आठवडे पाण्याखाली तगवते, त्यापुढे नाही.