साक्षीदाराचा हात

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजारात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच ठार मारले. पुरावा कसलाच नव्हता. होते ते मोबाइलवरून फिरणारे संदेश. अशी भटकी मंडळी सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या अकोट तालुक्यातही दारोदार येतात, म्हणून ही हकीकत परमुलखातली समजून सोडून देववत नाही.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा ख्रिस्ती घरातील लहान मुलालाही पाठ असते. परंतु तिचे मूळ न्यायसभेत आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात एकाच्या साक्षीवरून कोणासही दोषी ठरविण्यास मनाई असून, देहदंडाच्या प्रकरणात आरोपीवर पहिला हात साक्षीदाराने टाकावा, असा दंडक आहे. ज्याच्या शब्दाने माणूस मरणार, त्याला त्या मरणापासून अलिप्त राहण्याची मुभा या शास्त्राने ठेवली नाही. पुढे धाडलेल्या संदेशाला मात्र साक्षीदारच नसतो. प्रत्येकजण ‘मला आले, मी पाठविले’ एवढे म्हणून मोकळा होतो, आणि दगड उचलणारा हात दुसऱ्याच कोणाचा असतो.

ख्रिस्ती समाजाने तर अफवेच्या या विषाची दोन्ही रूपे अनुभवली आहेत. इसवी सन १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनला आपल्या धर्मबांधवांच्या बचावासाठी लेखणी उचलावी लागली, ती ख्रिस्ती लोक गुप्त सभांत अर्भके मारून खातात या आरोपाविरुद्ध. या आरोपाला अफवेखेरीज दुसरा फिर्यादी नाही, हे त्याने रोमी अधिकाऱ्यांपुढे निक्षून मांडले. पुढे सत्ता हाती आलेल्या ख्रिस्ती युरोपात, ११४४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विचजवळ एका मुलाचे प्रेत सापडले, तेव्हा जवळजवळ तोच आरोप यहुदी शेजाऱ्यांवर आला, आणि १२४७ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी त्याचा निषेध करूनही तो शतकानुशतके निरपराधांचे बळी घेत राहिला. स्वतःवरील खोटा आळ ज्यांनी सोसला, त्यांच्याच वंशजांनी तो दुसऱ्यांवर घ्यावा, याची लाज आम्हां ख्रिस्तीजनांना वाटलीच पाहिजे.

याउलट यहोशवाच्या ग्रंथातील बाविसावा अध्याय वाचावा. यार्देनेपलीकडील बांधवांनी निराळी वेदी उभारल्याची वार्ता आली, तिचा अर्थ देवद्रोह असा लावला गेला, आणि शिलो येथे सारे इस्राएल लढाईस जमले. तरी चाल करण्यापूर्वी त्यांनी फिनहास याजक व दहा सरदार यांना पलीकडे पाठविले. वार्ता खरी होती, वेदी खरोखरच उभी होती; परंतु ती यज्ञासाठी नसून, पुढील पिढ्यांनी आपल्याला परके लेखू नये म्हणून उभारलेली खूण होती. खऱ्या छायाचित्राखाली खोटा मजकूर जोडण्याच्या आजच्या रीतीत नेमकी हीच गफलत असते. ज्यांच्यावर आळ आहे त्यांनाच जाऊन विचारणे, एवढ्या एका कृतीने ते यादवी युद्ध टळले.

अकोटच्या बाजारात कापसाला काय भाव फुटला, याची दोघातिघांकडे खातरजमा केल्यावाचून शेतकरी गाडी भरत नाही. मग माणसाच्या अब्रूविषयी किंवा प्राणाविषयीची बातमी त्याहून हलक्या हाताने का पुढे जावी? मूळ कोणाचे, तारीख कोणती, ठिकाण कोणते, हे कळेपर्यंत संदेश तहकूब ठेवावा. आपल्या धर्मबांधवांवरील अन्यायाची वार्ता असली, तर अधिकच, कारण तेथे मन आधीच पक्षपाती झालेले असते. आणि चुकीचे पाठविले गेलेच, तर नुसते पुसून टाकून भागत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात सत्याविरुद्धच्या अपराधाची क्षमा मिळाल्यावरही भरपाईचे कर्तव्य उरते असे सांगितले आहे. म्हणून ज्या गटात खोटे धाडले त्याच गटात, आपल्या नावानिशी, ते खोटे होते असे लिहावे, आणि ज्याची बदनामी झाली त्याच्या घरी स्वतः जाऊन यावे.