‘अल्कोहोल-फ्री’ बिअरमध्ये नेमकं किती अल्कोहोल असतं? ते मोजतात कसं?

हॉटेलच्या मेन्यूत आणि सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये हल्ली ‘०.०’ किंवा ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेले बिअरचे कॅन सर्रास दिसतात. हायनेकन, बडवायझरसारख्या कंपन्यांची अशी बिअर भारतातही मिळते. बहुतेकांसाठी ०.० आणि ०.५ टक्क्यांतला फरक किरकोळ असतो. पण गरोदर महिला, धार्मिक कारणांसाठी दारू वर्ज्य असलेले लोक किंवा दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामसारखं औषध घेणारे रुग्ण यांच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा असतो. हे औषध सुरू असताना थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी त्रास होऊ शकतो.

मग कॅनवरचा हा आकडा येतो कुठून?

‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणजे शून्य का?

नाही. भारतात एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय ‘अल्कोहोलिक’ ठरतं. जर्मनीत ०.५ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणून विकली जाते. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दासाठी सरकारी मार्गदर्शक मर्यादा ०.०५ टक्के आहे. म्हणजे शब्द एकच, पण अर्थात दहापट फरक.

नेहमीच्या बिअरचं अल्कोहोल कसं मोजतात?

माल्टच्या गोड पाण्यात साखर विरघळलेली असते, म्हणून ते साध्या पाण्यापेक्षा जड असतं. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. २० अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९८, तर शुद्ध अल्कोहोलची ०.७८९ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. त्यामुळे आंबवण्याची क्रिया होते तशी द्रवाची घनता उतरत जाते.

ती हायड्रोमीटरने मोजतात. हे काचेचं तरंगणारं उपकरण असतं. जड द्रवात ते वर राहतं, हलक्यात खोल बुडतं. आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलची अंदाजे टक्केवारी मिळते. समजा, आकडा १.०५० वरून १.०१० वर आला, तर ०.०४० गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ५.२५ टक्के.

हाच हिशोब कमी अल्कोहोलच्या बिअरला का चालत नाही?

अशी बिअर साधारण दोन प्रकारे बनते. पहिल्या प्रकारात नेहमीची बिअर तयार करून त्यातलं अल्कोहोल काढून टाकतात. त्यासाठी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन किंवा रिव्हर्स ऑस्मॉसिस वापरतात. इथे सूत्र पूर्णच फसतं. समजा, सुरुवातीची घनता १.०४८ होती आणि आंबवल्यावर १.०१० झाली. अल्कोहोल काढलं की हलका घटक गेल्यामुळे ती पुन्हा वाढून १.०१६ च्या आसपास जाते. सूत्र म्हणेल ४.२ टक्के, प्रत्यक्षात अल्कोहोल असेल अर्धा टक्का.

दुसऱ्या प्रकारात आंबवण्याची क्रियाच मर्यादित ठेवतात. घनता १.०२० वरून १.०१६ वर आली, तर उत्तर सुमारे ०.५ टक्के येतं. पण वाचताना ०.००१ ची चूक झाली, तर तेच उत्तर ०.४ किंवा ०.६५ होतं. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये ही चूक खपून जाते. इथे ती कायदेशीर मर्यादा ओलांडायला पुरेशी आहे.

तापमान आणि फेसाचा काय संबंध?

एक टक्का अल्कोहोलमुळे घनता साधारण ०.००१५ ने उतरते. पण २० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापलं, तरी त्याची घनता सुमारे ०.०००२ ने कमी होते. म्हणजे एका अंशाची चूक ०.१४ टक्के अल्कोहोलइतकी. शिवाय बिअरमधले बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. म्हणून प्रयोगशाळेत आधी बिअरमधला वायू काढून टाकतात आणि नमुना ठरावीक तापमानावर आणतात.

मग अचूक आकडा कसा मिळतो?

मूळ अडचण अशी की उरलेली साखर घनता वाढवते आणि अल्कोहोल ती कमी करतं. एका आकड्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. म्हणून दोघांना वेगळं करतात. बिअरचा मोजून घेतलेला नमुना उकळून अल्कोहोलची वाफ थंड करतात. जमलेल्या द्रवात शुद्ध पाणी घालून आकारमान मूळ नमुन्याइतकं करतात. आता त्यात साखर नसते, फक्त पाणी आणि अल्कोहोल. त्याची घनता मोजून तयार तक्त्यातून टक्केवारी काढतात.

ही घनता मोजायला डिजिटल मीटर असतो. ऑस्ट्रियाच्या अँटोन पार कंपनीने १९६७ मध्ये असा मीटर आणला. त्यात काचेची यू-आकाराची नळी कंप पावते. द्रव जितका जड, तितकी कंपनं संथ. आजचे चांगले मीटर दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या स्थानापर्यंत घनता सांगतात.

मोठ्या कारखान्यांत निअर-इन्फ्रारेड प्रकाश वापरून काही मिनिटांत अल्कोहोल मोजतात. अगदी सूक्ष्म प्रमाणासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. त्यात अल्कोहोल इतर घटकांपासून वेगळं करून थेट मोजलं जातं.

ग्राहकांनी काय पाहावं?

‘नॉन-अल्कोहोलिक’ या शब्दापेक्षा कॅनवरची टक्केवारी वाचा. ‘०.५ टक्क्यांपेक्षा कमी’ आणि ‘०.०’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध सुरू असेल किंवा अल्कोहोल पूर्ण टाळायचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका. आणि घरच्या हायड्रोमीटरवर अशी बिअर तपासून कोणी छातीठोकपणे आकडा सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका.