गरोदरपणात लघवीची तपासणी : नुसती पट्टी पुरेशी नाही

दिवाळे आणि बेलापूरच्या आसपासच्या वस्त्यांत आम्ही गरोदर भगिनींची कार्डे पाहतो. लघवीच्या रकान्यात ‘निल’ लिहिलेले असते. घरच्यांना वाटते, लघवीत काही दोष नाही. पण ती पट्टी बहुधा अल्ब्युमिन आणि साखर यांचीच असते. लघवीत जंतू आहेत का, हे तिच्यावरून कळत नाही.

गरोदरपणात मूत्रनलिका सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो आणि लघवी साचून राहते. त्यातच जंतू वाढतात. वस्तीतला संडास लांब, रात्री अंधार. म्हणून बाया पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. त्याने त्रासात भरच पडते.

शंभरातल्या 2 ते 10 गरोदर महिलांच्या लघवीत जंतू असतात, पण जळजळ नसते, तापही नसतो. उपचार झाला नाही तर काहींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

यासाठी ‘युरिन कल्चर’ ही तपासणी आहे. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि तेव्हाच ती मागा.

नमुना असा द्यावा : हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत धरा. डबीच्या आत बोट लावू नका. नमुना लगेच द्या. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात.

2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर महिलेच्या तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या महिलांची मोफत तपासणी होते. महापालिकेच्या केंद्रात कल्चर होत नसेल तर कुठे होते ते विचारा, चिठ्ठी मागून घ्या. आशाताईंना सोबत न्या.

जंतू निघाले तर औषध डॉक्टरांकडूनच घ्या, मेडिकलमधून परस्पर नको. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. बरे वाटले तरी गोळ्या पूर्ण करा आणि नंतर लघवी पुन्हा तपासा.

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या, लघवीत रक्त किंवा पोटात कळा आल्या, तर सासूबाईंनी आणि नवऱ्याने सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.