दारचा बँड आणि पाहुणा बँड

‘बँड’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण मराठीने त्याला असे काही घरात घेतले, की एखाद्याची फजिती झाली तरी आपण ‘त्याचा बँड वाजला’ म्हणतो! लग्नात बँड, मिरवणुकीत बँड आणि परीक्षेत गटांगळी खाल्ली तरी बँडच. अशा घरोब्याच्या शब्दामागे ‘रॉक’ हे बिरुद लागले, की मात्र आपल्या मध्यमवर्गीय कपाळावर आठी उमटते. वाढलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार आणि न कळणारे शब्द, एवढेच डोळ्यांपुढे येते. मराठीच्या मास्तराने या फंदात पडू नये, असे आमच्या घरातही मत आहे. पण मी खारदांड्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो, आणि तिथे राहून बँडविषयी मत न बनवणे अशक्यच!

खारच्या उंच इमारती मागे टाकून समुद्राकडे निघालात, की हा जुना कोळीवाडा लागतो. इथल्या हळदीची रात्र एकदा तरी ऐकावी. पितळी वाद्यांचा बँड कोळ्यांच्या लग्नात जुनाच. पुढे त्याच्या शेजारी बेंजोपार्टी येऊन उभी राहिली. ‘‘बेंजो नाय त हलद कशाची, मास्तर?’’ असे एका वृद्ध नाखव्याने मला ऐकवले, तेव्हा त्या सुरात प्रश्न नव्हता, निकाल होता.

हा बेंजो अमेरिकेतला नव्हे. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य बनवले. टंकलेखन यंत्रासारखी कळ दाबायची, तार छेडायची, की हवा तो स्वर हजर. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. मुंबईच्या चाळी-वस्त्यांतल्या मुलांनी त्याला विजेची जोड दिली, कर्णे लावले, आणि सोबतीला ढोल, साइड-ड्रम व कीबोर्ड घेतले. तारेचे कंपन विजेत पकडून मोठे करायचे, ही विजेच्या गिटारचीच युक्ती. या वादकांवर रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला. खरे सांगायचे, तर मुंबईच्या गल्लीतला रॉक बँड तो हाच.

आता ज्याला आपण रॉक बँड म्हणतो त्याची गोष्ट ऐका. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धेत देशभरचे बँड वाजले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पण ही हौस पुरवणारा यजमान होता एक सिगारेट कंपनी! १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर गिटारवर, तर उदय बेनेगल गाण्याला. परक्यांची गाणी वाजवता वाजवता ही मंडळी स्वतःची गाणी रचू लागली आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले. १९९७ मध्ये बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जुळला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ घेऊन आला. त्यांच्या श्रोत्यांची पंढरी म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळा तिथे वर्षानुवर्षे भरे. पुढे परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथले गाणे थांबले.

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. बेंजोपार्टीला दार आहे. हळद आहे, नारळी पौर्णिमा आहे, गणपती आहेत, बोलावणे ठरलेलेच. पण ती वाजवते दुसऱ्यांची गाणी. रॉक बँडपाशी स्वतःचे गाणे आहे, पण त्याला दार नाही. आज या कंपनीचा पाहुणा, उद्या त्या सभागृहाचा. यजमानाने पाठ फिरवली, की पाहुण्याने जायचे कुठे?

दार आणि गाणे दोन्ही ज्यांना लाभले, ते जुहूपलीकडचे वेसावकर. काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कॅसेटच्या जमान्यात आपल्याच बोलीतली गाणी घरोघर पोचवली. त्याआधी शान्ता शेळके यांचे ‘मी डोलकर’ हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या गळ्यातून आपल्या दिवाणखान्यात आले होतेच. बाई आमच्याच पेशातल्या, मराठीच्या प्राध्यापिका! दर्याचे गाणे त्यांनी आपल्या घरी आणले. वेसावकरांनी मात्र ते कोळीवाड्यातच रचले, तिथल्या अंगणात वाजवले आणि मग जगाला ऐकवले.

माझ्या वर्गातला एक मुलगा लग्नसराईत बेंजोपार्टीत साइड-ड्रम वाजवतो आणि एरवी मित्रांच्या रॉक बँडमध्ये. हळदीच्या कमाईतून त्याची फी निघते. रॉकपायी उलट पदरचे पैसे जातात. त्या चौघांनी मराठीत पाच गाणी रचली आहेत. वह्या तपासताना मला कधी गवसली नाही, अशी रोखठोक भाषा त्यांत आहे. ‘‘सर, वाजवायचे कुठे?’’ एवढेच तो विचारतो. तालमीला खोली नाही, शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण संध्याकाळचे सात ते नऊ तर आपल्याच हाती आहेत ना?

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात संगीत खुर्ची होते, पाककृतींची स्पर्धा होते. त्यातला अर्धा तास अशा चार पोरांना द्यावा, अट एकच: गाणे स्वतःचे हवे. आवाज थोडा चढा लागेल, शब्द पहिल्यांदा कळणार नाहीत. कोळीवाड्याने बेंजोला असेच दारात उभे केले, म्हणून तो तिथला झाला. या पाहुण्यालाही एकदा उंबऱ्याच्या आत घेऊन पाहा. चहा तर आपण कोणालाही विचारतोच!