लॅमेटासॉरस

क्रिटेशस कल्पाच्या अखेरच्या (सु. ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील एक तथाकथित चिलखती शाकाहारी डायनोसॉर. शास्त्रीय नाव लॅमेटासॉरस इंडिकस. जबलपूर येथील बडा शिमला टेकडीवरील लॅमेटा थरांत त्रिकास्थी, श्रोणीची हाडे, नडगीचे हाड आणि त्वचेत रुतलेले अस्थिपट्ट मिळाले. त्यांवरून सी. ए. मॅटली यांनी १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. हे सर्व अवशेष एकाच प्राण्याचे मानले गेले व चूक तेथेच झाली. श्रोणी व नडगी यांची घडण मांसाहारी डायनोसॉरांची होती. हा प्राणी खरोखरच चिलखती होता काय, अशी शंका डी. के. चक्रवर्ती यांनी १९३५ मध्येच उपस्थित केली होती.

अस्थिपट्टांचा उलगडा मात्र लांबला. अर्जेंटिनातील सॉल्टासॉरसाचे वर्णन १९८० मध्ये झाले आणि लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरांपैकी काहींना असे पट्ट असत हे स्पष्ट झाले. जबलपूरचे पट्टही त्यांचेच असावेत, हे मत त्यामुळे बळावले. म्हणजे चिलखत खरे होते. हाडे दुसऱ्याची होती.

टायटॅनोसॉरांचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लॅमेटा थरांतही मिळाले आहेत. डोंगरगावच्या सांगाड्यावरून १९९७ मध्ये वर्णिलेल्या जातीला २००३ पासून आयसिसॉरस कोलबर्टी म्हणतात. गोंदिया जिल्हा जबलपूर व चंद्रपूर यांच्या दरम्यान असला, तरी तेथील खडक बहुतांशी आमगाव पट्टिताश्मांसारखे अतिप्राचीन आहेत. त्यांत डायनोसॉरांचे जीवाश्म असणे संभवत नाही.